सुतकात शहाणा झालेला कुत्रा

आमच्या देवासच्या घरी येणाऱ्याला पाण्याच्या पेल्याआधी कुत्रा भेटायचा. फाटकाची कडी वाजली रे वाजली की तो घरात असेल तिथून सुटायचा, अंगणात एक चक्कर मारायचा आणि पुढचे दोन्ही पाय थेट आलेल्याच्या छातीवर ठेवायचा. चावणं नाही, गुरगुरणं नाही, नुसतं प्रेम. पण ते इतकं अंगावर येणारं, की पांढऱ्या कुडत्यातला माणूस परत जाताना पंजांची नक्षी घेऊन जायचा आणि वर हसत म्हणायचा, "कोई बात नहीं भिया, बच्चा है."

बच्चा कसला, चांगला घोडा झाला होता. बाबांनी त्याला पीपलरावां नावाच्या गावाहून आणला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी त्या बाजूच्या शेतकऱ्यांकडचं त्यांचं जाणं-येणं सुटलं नव्हतं. एका थंडीत ओले हरभरे खायला म्हणून गेले आणि मफलरमध्ये गुंडाळलेलं पिल्लू घेऊन आले. "अर्धा लॅब्राडोर आणि अर्धा पीपलरावांचा," असं त्याचं कुळ सांगायचे. कुळ सांगण्याची आमच्याकडे भारी हौस. देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात आमचे पूर्वज कारकून होते की त्याहून वरचे कुणी, यावर बाबा आणि माझे काका प्रत्येक लग्नकार्यात हटकून भांडायचे. तेव्हा कुत्र्यालाही कुळ लागणारच.

त्या दरबाराचं दुसरं काही आमच्याकडे उरलं नव्हतं, बोलण्याची रीत तेवढी उरली होती. बाबा कुत्र्याला अहो-जाहो करायचे. "बसा." "उठा." "असं करू नये." आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला व्हरांड्यातल्या झोपाळ्यावरून मोठ्या आवाजात "या, या, या!" मग तो बँकेचा साहेब असो, दूधवाला असो, की खांद्यावर सिलिंडर घेतलेला माणूस असो. शेवटचं "या" संपायच्या आत कुत्रा हवेत असायचा. त्याच्या लेखी तो उडी मारण्याचा हुकूम होता, आणि हुकूम घरच्या मालकाचाच होता.

आई त्याला "मेल्या" म्हणायची. दिवसभर तिच्या तोंडी तेच. "मेल्या, पदर सोड. मेल्या, पाडशील मला. जेवलास का रे मेल्या?" आणि एका श्रावणी सोमवारी त्याने तिला खरोखरच पाडलं. ती देवळातून येत होती, हातात प्रसादाची वाटी होती, बाबा सवयीने "या, या" म्हणाले आणि कुत्र्याने झेप घेतली. वाटी एकीकडे, आई दुसरीकडे. मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी फोटो दाखवला आणि सांगितलं, "मावशी, हाडं ठिसूळ झालीत. हाताचं निभावलं. पुढच्या वेळी कमरेचं मोडलं तर पलंगच धराल."

माझा मोठा भाऊ धारला असतो, बँकेत आहे. तो त्याच दिवशी गाडी काढून आला. आईचा हात बघितला, कुत्र्याकडे बघितलं आणि व्हरांड्यात उभ्या उभ्याच निकाल सांगितला. "कुत्रा तरी जाईल, नाही तर आईला मी धारला नेतो. दोन्ही एका घरात चालणार नाही."

"कुणीही कुठेही जाणार नाही," बाबा म्हणाले.

"मला नाही यायचं धारला," आई आतून म्हणाली. "तिकडे मी काय करू?"

मी मध्ये पडले. मी देवासलाच शाळेत शिकवते, माझं घर दोन कॉलन्या सोडून आहे. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते अशी माझी ख्याती आहे आणि तिचा मला गर्वही आहे. म्हटलं, मुलं वठणीवर येतात तर कुत्रा का येणार नाही? दादाला सांगितलं, मला थोडी मुदत दे. तो म्हणाला, दिली. म्हणजे आता सगळं त्या कुत्र्याच्या चार पायांवर येऊन ठेपलं. ते जमिनीवर राहिले तर आई आपल्या घरी राहणार होती.

मी मोबाइलवर कुत्र्यांना शिकवण्याचे व्हिडिओ बघितले, इंदूरहून एक जाडं पुस्तकही मागवलं. सगळ्यांचं सांगणं एकच होतं. उडी मारणाऱ्या कुत्र्याला मारायचं नाही, ओरडायचंही नाही, कारण ओरडणं हेही त्याला बोलणंच वाटतं. तो अंगावर आला की खांबासारखं उभं राहायचं. बघायचं नाही, हात लावायचा नाही, शब्द काढायचा नाही, पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीवर टेकले, की मग शांतपणे जवळ घ्यायचं. आणि खरी मेख शेवटी होती. हे घरातल्या आणि घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाने करायचं. एकाने जरी लाड केले तरी सगळ्यांची मेहनत वाया.

आता मला सांगा, माळव्यात हे जमायचं कसं? इथे दारात आलेल्याशी न बोलणं म्हणजे भांडण झाल्याची खूण. दूधवाल्याला मी बजावलं, "इसको देखना भी मत." तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी खिशातून बिस्किट काढून, "आओ भिया, आओ, दीदी नहीं देख री." शेजारच्या काकींना समजावलं तर त्यांनाच वाईट वाटलं. "बेचारा इतने प्यार से आता है और मुँह फेर लो? पाप लगेगा." शेवेची पुडी घेऊन येणारे बाबांचे मित्र तर कुत्र्याला भेटायलाच यायचे.

सगळ्यात वाईट विद्यार्थी बाबा. मी त्यांना फाटकाबाहेर उभं करायची, आत यायला सांगायची. ते गंभीर चेहऱ्याने यायचे, कुत्रा झेपावायचा, ते पाठ फिरवायचे आणि पाठीवर पंजे पडले की खांदे गदागदा हलायला लागायचे. हसू आवरायचं नाही. मग वळून त्यालाच म्हणायचे, "अहो, जरा दमानं घ्या. आमची परीक्षा चालू आहे."

"बाबा, तुम्ही नापास."

"मला एवढंच सांग," ते म्हणायचे, "आपण घरी आल्याचा इतका आनंद दुसऱ्या कुणाला होतो? तुझ्या आईला होतो का?"

"मेल्याला घेऊन बसा डोक्यावर," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. पण तीही फाटकातून येताना आता भिंतीला हात धरून थांबायची, कुत्र्याला दुरूनच दटावायची, आणि तो तिच्यापुरता कसाबसा पायाशी लोळून भागवायचा. तेवढ्यावर मी समाधान मानत होते. दादा फोनवर दर रविवारी विचारायचा, "शिकला का?" मी म्हणायची, "शिकतोय."

मार्गशीर्षात बाबा गेले. सकाळी चहा घेतला, झोपाळ्यावर बसले आणि बसल्या जागी कलले. आईने आधी त्यांना हाक मारली, मग मला फोन केला. मी पोचले तेव्हा कुत्रा त्यांच्या पायावर डोकं ठेवून शेपटी हलवत होता, उठवण्यासाठी. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्या दिवशी शेजारच्या काकी त्याला आपल्या मागच्या अंगणात घेऊन गेल्या आणि बांधून ठेवला. माणसं स्मशानातून परत आली, आंघोळी झाल्या, तेव्हा कुणीतरी त्याला सोडलं. तो सुसाट आत आला आणि पहिल्यांदा दादाकडे धावला. दादाचं डोकं भादरलेलं, अंगावर नुसतं धोतर. क्रिया करणाऱ्याला आमच्याकडे त्या दिवसांत कुणी शिवत नाही, तोही कुणाला शिवत नाही. कुत्र्याने पंजे टाकले, दादा दगडासारखा उभा राहिला. खाली बघितलं नाही, बोलला नाही. मग पाठ फिरवून आत गेला. कुत्रा तिथेच उभा राहिला.

सुतक सुरू झालं. ज्यांना आमच्या रीती माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सुतकाच्या घरी कुणी कुणाला नमस्कार करत नाही. समाचाराला आलेला माणूस न बोलावता येतो आणि न सांगता जातो. घरच्याने "या" म्हणायचं नाही आणि पाहुण्याने "येतो" म्हणायचं नाही, कारण असल्या कारणासाठी पुन्हा येणं नको. चहा विचारायचा नाही, हसायचं नाही. जुन्या घरांनी हे इथे इतकी वर्षं पाळलं आहे की आमचे मालवी शेजारीही आमच्याकडे बैठायला, म्हणजे समाचाराला, येताना हे सगळं जाणून येतात.

तेरा दिवस माणसं येत राहिली. बाबांचा गोतावळा मोठा. खात्यातली जुनी माणसं आली, पीपलरावांहून पागोटी घातलेले शेतकरी आले, दूधवाला कॅन बाहेर ठेवून आत येऊन बसून गेला. फाटकाची कडी दिवसातून कितीदा वाजायची. दर वेळी कुत्रा उठायचा, धावायचा, अंगावर जायचा, आणि दर वेळी माणूस खांबासारखा उभा. बघत नाही, हात लावत नाही, शब्द काढत नाही. बिस्किटं देणारे दूधवाल्याचे हात पाठीशी घट्ट बांधलेले. शेजारच्या काकी तोंड फिरवून सरळ आईकडे. झोपाळा आम्ही वर बांधून टाकला होता आणि त्याच्याखाली सतरंजी घातली होती. तिथे माणसं माना खाली घालून बसायची, काही वेळाने उठून चालायला लागायची.

पहिले काही दिवस तो वेड्यासारखा जास्तच उड्या मारत राहिला. पुस्तकात तेही लिहिलेलं होतं, की उत्तर येईनासं झालं की आधी जनावर दुप्पट जोर करतं. मग त्याचा जोर सरला. उडी अर्ध्यावर यायला लागली. मग नुसतं धावणं उरलं. मग धावणंही नाही. दहाव्याच्या सुमारास आमच्या एक थकलेल्या मामी काठी टेकत फाटकातून आल्या, आणि मी त्यांना धरायला धावेपर्यंत कुत्रा उठला, त्यांच्यापासून दोन हातांवर जाऊन थांबला आणि खाली बसला. मान खाली. मामी त्याच्या बाजूने आत गेल्या, सतरंजीवर टेकल्या आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बघा हो. मुक्या जनावराला सुद्धा कळतं."

सगळ्यांनी हेच म्हटलं. "बेजुबान है, पर सब समझता है." मला ते ऐकून चीड यायची. त्याला काही कळलं नव्हतं. मी महिनोन्‌महिने घसा कोरडा करून ज्या धड्यासाठी लोकांच्या मिनतवाऱ्या करत होते, तोच धडा सगळ्या गावाने मिळून, एकही चूक न करता, त्याच्याकडून गिरवून घेतला होता. पुस्तक लिहिणाऱ्यालाही इतकी शिस्त कधी मिळाली नसेल. मला हे कुणाला सांगावंसं वाटत होतं, आणि ज्या एका माणसाला ते ऐकून हसू आलं असतं तो माणूस नव्हता. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

गोडाचं जेवण झालं, सुतक फिटलं, दादाने देवाला नारळ ठेवला. निघताना तो व्हरांड्यात थांबला आणि कुत्र्याला हाक मारली. कुत्रा आला, समोर बसला. दादाने आणखी एकदा हाक मारली, मुद्दाम टाळ्या वाजवल्या. कुत्रा बसून राहिला. "शिकला," दादा म्हणाला. मग आईकडे बघून म्हणाला, "राहा मग इथेच. सोबत आहे तुला." मीही मनात म्हटलं, चला, एवढं तरी झालं. बाबांनी दिलेला शब्द राहिला, आई घरी राहिली, कुत्राही राहिला.

त्या थंडीत आणि पुढच्या उन्हाळ्यात मी शाळा सुटली की रोज आईकडे जायची. मी कडी वाजवली की कुत्रा व्हरांड्यातून उठायचा, पायऱ्या उतरायचा, माझ्यापासून दोन हातांवर येऊन बसायचा आणि वाट बघायचा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायची, अगदी पुस्तकात सांगितल्याबरहुकूम. शेपटी जमिनीवर एकदा-दोनदा हलायची. बघणारे म्हणायचे, काय गुणी कुत्रा आहे. दूधवाल्याने बिस्किट दाखवलं तर ते तो हळूच तोंडात घ्यायचा आणि बाजूला नेऊन ठेवायचा. खायचा, पण नंतर.

आईने त्याला "मेल्या" म्हणणं सोडून दिलं होतं. तो शब्दच तिच्या तोंडातून जाईनासा झाला. त्याला ती आता नुसतं "अरे" म्हणायची. "अरे, जेवून घे." घरात तेवढेच दोन जीव, आणि दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने वागत होती की मला आत जाताना चपला वाजवायला नको वाटायचं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. मी आईच्या गल्लीत वळले तर ती फाटकाबाहेर उभी, पदर सावरलेला, हातात पिशवी. मला वाटलं बाजारातून आली. तिने कडी वाजवली, फाटक लोटलं, आत पाऊल टाकलं. थांबली. मग बाहेर आली, फाटक लावलं आणि पुन्हा कडी वाजवली, या वेळी जोरात. पुन्हा आत गेली. हात मोडल्यापासून बाहेर पडताना ती काठी घ्यायची, ती तिने घरातच ठेवली होती. भिंतीलाही हात नव्हता. मी तिथेच लिंबाखाली उभी राहून बघत होते, आणि मला कळायला वेळ लागला की ही काय करते आहे. ती पुन्हा बाहेर आली, पुन्हा कडी वाजवली आणि आत जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. कुत्रा दोन हातांवर बसलेला, मान खाली.

"आई!" मी ओरडले. "कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही," ती म्हणाली. "घरी येत होते."

"काठीशिवाय? त्याने उडी मारली असती तर? कमरेचं हाड..."

"मारत नाही गं तो," ती म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

मी तिला धरून आत नेलं, पाणी दिलं. पिशवी रिकामी होती.

"हे असताना मी बाहेरून आले की घर उठायचं," ती म्हणाली. "हे ओरडायचे, हा नाचायचा, मी दोघांना शिव्या द्यायची. आता मी येते आणि हा असा समोर येऊन बसतो. कसा बसतो बघितलंस? समाचाराला आल्यासारखा. रोज, दिवसातून चार वेळा, माझ्याच घरात मला समाचाराला येतो."

मी म्हटलं, "आई, तो शिकलाय. त्याला तसं शिकवलंय."

"कळतं मला. पण मी किती दिवस बसू त्याच्यासमोर?" आणि मग तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, "त्याला धारला पाठव. पोरांत राहील."

मी खूप समजावलं. उलटं शिकवता येईल, हळूहळू सवय मोडेल. बरेच दिवस मी झटले. चेंडू आणला, अंगणात धावले, या वयात, शेजाऱ्यांनी बघावं अशी. तो माझ्या मागे धावायचाही थोडा. पण फाटकाची कडी वाजली की सगळं टाकून जायचा आणि त्याच्या जागेवर बसायचा. मग मी हरले. दादाला फोन केला. ज्या दादाने कुत्रा नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं तोच न्यायला आला, आणि मागच्या सीटवर त्याच्यासाठी जुनी गादी घालून आला. आईने कुत्र्याला दहीभात दिला. गाडी गेल्यावर तिने व्हरांडा धुऊन काढला, एकटीने, आणि मला हात लावू दिला नाही.

धारला दादाची दोन मुलं आहेत, घरात मराठी समजतात पण बोलतात हिंदी, आणि शिस्तीच्या नावाने आनंद. त्यांनी कुत्र्याला पार बिघडवला. सोफ्यावर झोपणं, ताटातलं खाणं, सगळं. पंधरवड्याच्या आत वहिनीचा फोन, "अहो, तुम्ही म्हणत होता शिकवलेला आहे, काल कुरिअरवाल्याला आडवा केला." मुलांनी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले. एकात तो धाकट्याच्या छातीवर पाय देऊन उभा आहे, धाकटा खाली पडून हसतो आहे. आई तो व्हिडिओ बघायची, संपला की मला म्हणायची, "पुन्हा लाव." बघताना तिच्या ओठांवर तो जुना शब्द येता येता थांबायचा. आम्हा दोघींनाही वाटायला लागलं की झालं, तो बरा झाला.

वर्षश्राद्ध दादाने धारला करायचं ठरवलं. त्याच्या मनात होतं की त्या निमित्ताने आई येईल आणि कुत्र्याच्या ओढीने तिथेच राहील. खरं सांगायचं तर आईच्याही मनात होतं. तिने नेहमीपेक्षा मोठी बॅग भरली. वाटेत इंदूर सोडलं आणि ती मला म्हणाली, "मी गाडीतून उतरले की तू माझ्या मागे उभी राहा. तो येईल अंगावर. मला नुसतं मागून धर."

दादाच्या घरासमोर गाडी थांबली. कुत्रा मुलांबरोबर फाटकाशीच होता. मी आधी उतरले, आणि त्याने मला भिंतीला चिकटवलं. तोंड चाटलं, ओढणी फाडली. मुलं किंचाळत होती. मी हसत होते आणि ओरडत होते, "थांब रे, आईला उतरू दे." आई उतरली. दाराला धरून सरळ उभी राहिली. मी तिच्या मागे गेले, दोन्ही हात तिच्या कमरेशी धरले.

कुत्र्याने तिला बघितलं. चारही पाय खाली आले. तो तिच्यासमोर दोन हातांवर गेला, बसला आणि मान खाली घातली.

"आजी, ये तो सबपे कूदता है," धाकटा म्हणाला. "आपपे क्यों नहीं कूदा?"

"मला ओळखतो ना तो," आई म्हणाली. "म्हणून." आणि त्याच्या बाजूने हळूहळू आत गेली.

पुस्तकाच्या भाषेत मी याचं उत्तर देऊ शकते. जिथे, ज्याच्यासमोर धडा पक्का झाला, तिथे तो उठतो. माझ्यासमोरचा धडा मीच चेंडू फेकून थोडाफार मोडला होता, आईसमोरचा कुणी मोडला नव्हता. आई दिसली की त्याला सुतकाचे दिवस दिसत नव्हते, बसणं दिसत होतं. मला हे सगळं कळतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

श्राद्ध झालं, ब्राह्मण जेवून गेले. आई आणखी थोडे दिवस राहिली. ती ज्या खोलीत असेल तिच्या दाराशी कुत्रा बसलेला. ती अंगणात उन्हाला आली की तो मुलांचा खेळ सोडून तिच्यापासून दोन हातांवर येऊन बसायचा. मुलं चेंडू फेकायची, नावाने हाका मारायची, तो फक्त कान हलवायचा. घरात येणाऱ्यांवरही त्याने उडी मारली नाही. दादाला त्याचं कौतुक. वहिनी म्हणाली, "आई आल्या आणि घर कसं शांत झालं." मुलं मात्र हिरमुसली. धाकट्याने एकदा विचारलंच, "इसकी तबीयत ख़राब है क्या?"

मी मध्ये शाळेसाठी देवासला परतले होते, पुढच्या रविवारी आईला भेटायला पुन्हा धारला गेले तर तिची बॅग भरलेली होती.

"मला देवासला ने," ती म्हणाली.

दादा चिडला. मी म्हटलं, "आई, एकटी काय करशील तिथे? इथे सगळे आहेत."

"मी असले की तो बसून राहतो," ती म्हणाली. "पोरगं आहे अजून. त्याने किती दिवस बसायचं? माझं काय, मला सवय झाली."

दादाने पुष्कळ आढेवेढे घेतले, मुलं पायात घुटमळली. तिने कुणाचं ऐकलं नाही. मुलांना जवळ घेतलं, हातात खाऊ दिला. कुत्रा पायरीशी बसला होता. ती वाकली, जेवढं वाकता येत होतं तेवढी, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. शेपटी फरशीवर एकदा हलली. मग ती गाडीत बसली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली नव्हती तोच मागून भुंकणं ऐकू आलं, आणि मुलांच्या किंकाळ्या, "अरे गिरा दिया! पापा, गिरा दिया!" पाठोपाठ काहीतरी फुटल्याचा आवाज, वहिनीचं ओरडणं आणि धाकट्याचं ते न थांबणारं हसू. आईने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. काच खाली केली. मागे वळून बघितलं नाही, नुसती ऐकत बसली. मी तिचा हात हातात घेतला. मला रडू येत होतं आणि तिला तसं दिसू नये म्हणून मी दुसऱ्या बाजूला बघत होते.

आवाज बराच वेळ येत होता. मग तिने काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चलो भिया, देर हो जाएगी. घर पे कोई नहीं है."